जिथं ओळखला, तिथलं नाव

सुजाता, तुझ्या तेराव्याला ओटीवर बायका बसल्या होत्या. कुणी मला धरून रडत होतं, कुणी माझ्या हातात पाण्याचा तांब्या देत होतं. मोठी जाऊ म्हणून सगळ्यांचं सांत्वन माझ्याच वाट्याला आलं होतं. माझं लक्ष मात्र माझ्या लेकीकडे, प्राचीकडे होतं. ती तुझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती, ओढणीचा बोळा तोंडात धरून. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तिच्याकडे बघताना मनात आलं, मी गेल्यावर ही अशी रडेल का?

असला प्रश्न पडल्याची मला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. उलट शेजारची काकू माझ्या कानात म्हणाली, "पोरीनं सख्ख्या आयशीसारखं मनाला लावून घेतलंय बघ," तेव्हा मी तांब्या असा आपटला की पाणी तिच्या लुगड्यावर उडालं. तिला वाटलं, दुःखानं हातातून सुटला.

गेलेल्या माणसाबद्दल लिहितात तसं मला लिहिता येणार नाही. तू शाळेत विज्ञान कसं शिकवायचीस, मुलांचा तुझ्यावर किती जीव होता, ते तुझ्या शाळेतले लोक लिहितील. सभा घेतील, फोटोला हार घालतील. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि तू मध्येच उठून गेलीस.

तू शहापूरहून या घरात आलीस तेव्हा प्राची रांगत होती. कॉलेजात दगडमातीचं शिक्षण घेतलेली सून येणार म्हणून सासूबाईंना कौतुकही होतं आणि धास्तीही. "दगडाचं शिकून भाकरी कशी भाजणार?" असं त्या मला विचारायच्या आणि मला बरं वाटायचं. भाकरी तुला खरंच येत नव्हती. काठ फाटायचे. मी शिकवली. भात कांडायला नेताना किती ओलसर असला तर तुटतो, कुरडूची भाजी कोवळी कशी ओळखायची, सासऱ्यांचा राग कुठल्या खोकल्यानं सुरू होतो, सगळं तुला मी शिकवलं. तू 'ताई, ताई' करत माझ्या मागे फिरायचीस. खरं सांगते, ते दिवस मला आवडले होते. या घरात पहिल्यांदाच कुणाला तरी माझ्यापेक्षा कमी येत होतं.

मग मी तुला माळावर नेलं.

सरपण आणायला गेलो होतो आपण, ओढा ओलांडून, सिद्धगडाच्या बाजूला. तिथं तो काळ्या दगडांचा ढिगारा आहे. आम्ही त्याला 'राकसाची चूल' म्हणायचो. लहानपणी आमच्या वाडीतल्या बायका सांगायच्या, राकसानं जेवण केलं आणि राख तशीच टाकून गेला. त्यातले दोन-चार जड दगड मी दरवर्षी घरी आणायचे, पेंढ्यावरचं प्लास्टिक वाऱ्यानं उडू नये म्हणून. मी तुला म्हटलं, "चांगला जडसा बघून घे गो एक."

तू खाली बसलीस ती उठेचनास. एक दगड उचललास, फिरवलास, कोयतीच्या मुठीनं ठोकून बघितलास. त्याच्यावर वळ्या होत्या, काकवी सांडून थिजावी तशा. मोडलेल्या बाजूला बारीक बारीक भोकं. तुझा चेहरा असा झाला होता की मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय ते.

"ताई, हा दगड नाय."

"मग काय वांगं आहे?"

"हा कीट आहे. लोखंड गाळल्यावर उरतो तो मळ. इथं भट्ट्या होत्या ताई. कधीतरी फार पूर्वी इथं कुणीतरी लोखंड काढत होतं."

सरपण मी एकटीनं गोळा केलं. तू पदरात दगड भरून आणलेस. सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी तुझा पदर बघितला, माझ्या डोक्यावरची मोळी बघितली, आणि मला वाटलं आता तुला बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "ठेव गो बाय ते खाली, कंबर धरंल." माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, माझी कंबर धरेल अशी काळजी त्यांनी कधी केली नव्हती. तिथून सुरू झालं असावं माझं.

त्यातला एक तुकडा तू माहेरी जाताना पिशवीत घालून नेलास, तुझ्या जुन्या सरांना दाखवायला. त्यांनी तो कापून, घासून काचेवर चिकटवला आणि यंत्राखाली पाहिला. परत आलीस ती नाव घेऊनच. फायलाइट. लोखंड आणि गारगोटीतलं सिलिका भट्टीच्या आचेत एक होतं आणि थंड होताना त्याचे स्फटिक धरतात. ज्वालामुखीच्या दगडातही सापडतं, माणसाच्या भट्टीतही तयार होतं, असं तू आम्हाला जेवताना सांगितलंस. सासूबाईंनी विचारलं, "पायलट? दगडाला?" सगळे हसले. मीही हसले. पण तो माझा ढिगारा होता, सुजाता. माझ्या माहेरच्या वाटेवरचा, माझ्या बायकांनी नाव ठेवलेला. त्या जेवणानंतर घरात कुणी 'राकसाची चूल' म्हटलं नाही. "सुजाताचे दगड" म्हणायला लागले.

प्राची शाळेत जायला लागली तोवर तुझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि तुला मूल नव्हतं. कुठले डॉक्टर, कुठले नवस, ते आपण दोघींनी मिळून केलं, त्याबद्दल इथं लिहीत नाही. एका दुपारी सासूबाईंनी आपल्या दोघींना समोर बसवलं आणि म्हणाल्या, "मोठीला प्राचीच्या पाठीवर मुलगा आहे. प्राचीला या धाकटीच्या ओटीत घालू. पोर घरातच राहील. नाव तेवढं धाकट्याचं लावायचं."

मी ताडकन उठले. काय बोलले ते आता मलाही आठवत नाही. भांडी आपटली, रडले, माहेरी जाईन म्हटलं. तू शांत बसून होतीस. मी दमल्यावर तू म्हणालीस, "आई, मला नको. प्राची ताईंची आहे. मला तिच्यावर माया करायला नाव कशाला लागतं?"

सासूबाईंचे डोळे भरून आले. सासऱ्यांनी बाहेरून ऐकलं असावं, तेही आत येऊन तुझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. आपण दोघी एकच म्हणालो होतो, नाही. मी म्हणाले ते भांडकुदळपण झालं आणि तू म्हणालीस तो मोठेपणा झाला. माझी पोर माझ्याकडे राहिली ती माझ्या आरडाओरड्यानं नाही, तुझ्या चांगुलपणानं, असं घरात ठरून गेलं.

आणि प्राचीलाही ते कुणीतरी सांगितलं असणार. कारण त्यानंतर ती तुझीच झाली. शाळेतून आली की दप्तर माझ्या दारात आणि पोर तुझ्या दारात. मी अंगणवाडीतल्या कामावरून येईपर्यंत तुम्ही दोघी ओटीवर दगड मांडून बसलेल्या असायच्या. पांढरे, हिरवे, विहीर खणताना निघालेले चकाकणारे, आणि मधोमध तो काळा. मी चहा द्यायला यायचे. तुम्ही कप घ्यायच्या आणि बोलणं तसंच पुढे चालू. मला त्या बोलण्यात जागा नव्हती. खोटं कशाला, तू दोनदा-तीनदा म्हणालीस, "बसा ना ताई." मीच बसले नाही. तू बस म्हणालीस म्हणून मी माझ्या मुलीजवळ बसायचं?

एकदा मात्र बसले. उन्हाळ्याच्या सुटीतली संध्याकाळ. प्राची मोठ्या वर्गात गेली होती. तिनं विचारलं, "काकी, फायलाइटला फायलाइट का म्हणतात?"

तू मांडी घालून, गोष्ट सांगायला बसतेस तशी सावरून बसलीस. म्हणालीस, पोर्तुगालच्या पश्चिमेला भर समुद्रात एक बेट आहे, फायाल नावाचं. ज्वालामुखीनं झालेलं. तिथं पहिल्यांदा उतरलेल्या खलाशांना किनाऱ्यावर झाडं दिसली. त्यांना वाटलं, ही आपल्या देशातली फाया नावाचीच झाडं. ती नव्हती, नुसती तशी दिसत होती. पण घर सोडून आलेली माणसं, त्यांना घरचं झाड दिसलं. त्यांनी बेटाला झाडाचं नाव दिलं. पुढे कितीतरी काळानं त्या बेटावर हा काळा दगड कुणाला तरी सापडला, विद्वानांनी तपासला, नवीन खनिज ठरवलं आणि त्याला बेटाचं नाव दिलं.

"म्हणजे दगडाला बेटाचं आणि बेटाला चुकीच्या झाडाचं!" प्राची टाळी वाजवून म्हणाली.

"थांब, अजून आहे," तू म्हणालीस. "आता लोक म्हणतात की तो दगड बहुतेक त्या बेटाचा नव्हताच. जहाज रिकामं असलं की लाटांवर डुलतं, म्हणून तळाशी वजन भरायचे. भट्टीतला कीट भरायचे. कुठल्यातरी दूरच्या गावच्या भट्टीतला कीट जहाजातून आला, किनाऱ्यावर टाकला गेला, आणि लोकांना वाटलं बेटाचाच आहे."

मला ते फार लागलं. का लागलं ते त्या क्षणी कळलंही नाही. मी म्हटलं, "मग ज्या गावात तो तयार झाला, त्या गावाचं नाव?"

"ते कुणाला माहीतच नाय, ताई."

"ज्यांनी भट्टी पेटवली, धूर खाल्ला, त्यांचं काय?"

"काय नाय. जिथं ओळखला, तिथलं नाव लागलं."

"म्हणजे जन्म दिला त्यांना काहीच नाही, आणि नुसतं बघून ओळखणाऱ्याला सगळं?"

तू हसलीस. "ताई, दगड आहे तो." प्राचीही हसली. दोघी एकसारख्या हसलात, मान थोडी डावीकडे टाकून. ती लकब तिनं तुझी उचलली होती. मी रिकामे कप घेऊन आत गेले आणि नळाखाली धरून उभी राहिले.

तुला कळलं होतं ना, मी दगडाबद्दल बोलत नव्हते ते? मला नेहमी वाटत आलंय की कळलं होतं. तू इतकी बारीक नजरेची. दगडाच्या कडेवरून तो कशात शिजला ते सांगणारी. माझ्या तोंडावरून तुला काहीच दिसलं नाही?

बारावीनंतर प्राची म्हणाली, मला भूगर्भशास्त्र घ्यायचंय, पुण्याला जायचंय. मला तिला नर्स करायचं होतं. मुरबाडला राहिली असती, घरी येऊन-जाऊन करता आलं असतं. तिचे वडील म्हणाले, सुजाताला विचारू. मला विचारून झालं होतं बहुतेक.

मी अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या. तू मदतीला आलीस, वाकून मिरच्या पलटायला लागलीस, आणि मी म्हटलं, "माझी पोरगी नेलीस तू."

तू सरळ उभी राहिलीस. हाताला तिखट लागलेलं, म्हणून दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले. "ताई, मी नेली नाय. ती तर..."

आणि तेवढ्यात रस्त्यावर गॅसची गाडी आली. पोरं ओरडायला लागली. आपल्या चुली तोवर वेगळ्या झाल्या होत्या आणि दोन्हीकडच्या टाक्या संपलेल्या. आपण दोघी पळालो, तू तुझी टाकी घेऊन, मी माझी घेऊन. परत आलो तोवर मिरच्यांत कोंबड्या शिरल्या होत्या. ते वाक्य राहिलं. ती तर काय, सुजाता? इतकी वर्षं मी त्या वाक्याचे वेगवेगळे शेवट करून बघितले. काही शेवटांनी मला बरं वाटतं, काहींनी रात्रीचं जेवण जात नाही.

मग तुझं दुखणं निघालं. पोटातली गाठ. कल्याणच्या दवाखान्यात तुझ्याजवळ दिवसभर मीच असायचे. भाऊजींना ते बघवत नव्हतं आणि तुझ्या माहेरी आता थकलेली माणसं. आपल्या टोकावड्याहून सकाळच्या एसटीनं मी नाचणीची पेज घेऊन यायचे आणि तू ती घोट घोट घ्यायचीस. दुसरं काही पोटात ठरत नव्हतं. नर्स म्हणाली, "बहीण आहे का?" तू म्हणालीस, "जाऊ आहे. बहीण असती तर एवढं केलं नसतं." मी डबा धुवायच्या निमित्तानं बाहेर गेले. त्या दिवसांत तू माझी होतीस. तुझे केस मी विंचरले, तुझी पाठ मी पुसली. तुझ्या शाळेतल्या बाई भेटायला आल्या की मी त्यांना लवकर उठवायचे, तुला आराम हवा म्हणून. आराम काय, मला तुला कुणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं.

प्राचीला बोलावू नका, परीक्षा आहे, असं तू म्हणत होतीस. मी तिला फोन करून म्हटलं, "आज नीघ." ती आली. तुझ्या उशाशी बसली आणि तुझा चेहरा असा उजळला की माझ्या पेजेनं इतक्या दिवसांत कधी उजळला नव्हता. मी कोपऱ्यात स्टुलावर बसून बघत होते. कुणावर जळत होते ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. तुझ्यावर, ती तुझ्याकडे अशी बघत होती म्हणून. तिच्यावर, तू तिच्याकडे अशी बघत होतीस म्हणून.

तू तिला चहा आणायला पाठवलंस. मला जवळ बोलावलंस.

"ताई, तुमी माझ्यावर रागावलाय का?"

"हो," मी म्हटलं.

तू हसलीस. ओठ सुकून फुटले होते, तरी हसलीस. "बरं झालं. बाकी सगळे गोड बोलतात. मला वाटलं, मी मेलेच की काय."

मीही हसले. कशाबद्दल रागावले ते तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. तू माझा हात धरून ठेवलास. प्राची चहा घेऊन आली तेव्हाही सोडला नाहीस. तिनं ते पाहिलं. मला फार बरं वाटलं की तिनं पाहिलं. ते आपलं शेवटचं बोलणं, सुजाता. त्यानंतर तू शुद्धीत होतीस, पण बोलली नाहीस.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्राची म्हणाली, "आई, माळावर येतेस? मला ढिगाऱ्याकडे जायचंय."

मला विचारलं तिनं. मी चप्पल शोधत बसले नाही, सापडेल ती घातली.

ओढ्यात पाणी नव्हतं. ढिगारा आता पूर्वीपेक्षा लहान झालाय. कुणी रस्त्याच्या भरावाला नेला, कुणी बांधाला. ती त्याच्याभोवती फिरली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला माहितीये, काकी शाळेतल्या मुलांना दरवर्षी इथं आणायची. आणि दरवर्षी आधी एकच सांगायची: हा ढिगारा मी शोधलेला नाय. माझ्या जाऊबाईंनी मला दाखवला. त्यांच्या गावच्या बायका याला राकसाची चूल म्हणतात. मुलांकडून वदवून घ्यायची ती, राकसाची चूल. आणि मगच फायलाइट."

मी तिथंच एका दगडावर बसले. बघ, तू काय केलंस. एवढी वर्षं मी तुझ्याविरुद्ध जे धरून होते त्यातला पहिला दगडच तू काढून घेतलास, आणि मला सांगितलंही नाहीस. मोठ्या मनाच्या माणसाबरोबर एका घरात राहणं किती अवघड असतं, ते तुला कधी कळलं नसणार. तू वाईट असतीस तर माझं किती सोपं झालं असतं. मला रडू आलं, आणि ते तुझ्यासाठी होतं की रागानं, ते मला वेगळं करता आलं नाही. तुझे उपकार आहेत माझ्यावर. ते मानते. मानताना दात-ओठ खाते, तेही तुला सांगून ठेवते.

प्राची ढिगाऱ्यावर चढत होती, वरचा एखादा चांगला तुकडा बरोबर न्यायला. मी म्हणणार होते, सांभाळून. त्या आधीच तिच्या पायाखालचे दगड सरकले. ती घसरली, तोल सावरायला तिनं हात टेकला आणि कीटाची काचेसारखी धार तिच्या तळव्यात शिरली.

"आई गं!" ती ओरडली.

मी धावले. पदरानं तिचा हात घट्ट बांधला. जखम खोल नव्हती, पण रक्त बरंच येत होतं. ती म्हणत होती, "काही नाही गं, थोडंसंच आहे," आणि मी तिचा हात सोडत नव्हते.

मला माहीत आहे सुजाता, ठेच लागली, चटका बसला की सगळेच तेच ओरडतात. म्हातारी माणसंसुद्धा, ज्यांची आई कधीच गेली तीसुद्धा. त्यात विशेष काही नाही. तू असतीस तर मान डावीकडे टाकून हसली असतीस.

हस. पण ते माझं नाव आहे. ते मी तुला देणार नाही.